येणाऱ्याची कोठी

भाड्याचं घर बघायला गेलो तेव्हा घरमालक काकांनी आम्हांला न्हाणीघर दाखवलं नाही, पाणी किती वाजता येतं तेही सांगितलं नाही. ते आम्हांला थेट जिन्याने वर, स्वतःच्या घरात घेऊन गेले आणि आतल्या एका खोलीचं दार उघडून म्हणाले, "हे आधी बघून घ्या. बाकीचं घर सगळ्यांच्या घरासारखंच आहे."

खोलीत भिंतीला लागून पत्र्याच्या कोठ्या उभ्या होत्या. गहू, तांदूळ, तूरडाळ, मूग, गूळ, मीठ, वाळवलेला कांदा. दिवेलाचा, म्हणजे एरंडेलाचा, आणि कडुनिंबाच्या पाल्याचा वास. मधोमध एका स्टुलावर, तांदूळ भरलेल्या वाटीत, हातात पळी घेतलेली पितळेची अन्नपूर्णा.

"संकटाच्या वेळी इथून घ्यायचं," काका म्हणाले. "मला विचारायला थांबायचं नाही. विचारण्यात वेळ जातो."

"कसलं संकट?" माझ्या नवऱ्याने विचारलं. तो रेल्वेत आहे, त्याला नेमकं उत्तर लागतं.

"ते आधी कळलं तर संकट कसलं?"

खाली येऊन मी नवऱ्याला म्हटलं, माणूस थोडा विचित्र आहे, पण भिंतींना ओल नाही. आम्ही घर घेतलं. बडोद्याच्या समा भागातल्या त्या जुन्या दुमजली टेनामेंटच्या तळमजल्यावर आम्ही, म्हणजे मी, नवरा आणि मुलगी, बरीच वर्षं राहिलो.

काका एका रासायनिक कारखान्यात सुरक्षा विभागात होते. सायरन वाजला की लोकांनी कुठल्या दाराने पळायचं आणि कुठे जमायचं, हे त्यांनी आयुष्यभर शिकवलं. निवृत्त झाल्यावरही शिट्टी आणि पिवळं हेल्मेट दाराच्या मागे खिळ्याला लटकलेलं असायचं. अंगणातल्या लिंबाखाली विटांचा एक चौकोन आखलेला होता. भूकंप झाला तर आम्ही सगळ्यांनी तिथे जमायचं होतं. आम्ही तिथे स्कूटी लावायचो, त्यावरून ते दर आठवड्याला रागवायचे.

पण कोठीची खोली हा सुरक्षेचा भाग नव्हता. तो धर्माचा भाग होता, आणि ते धर्म फार गंभीरपणे घेत. त्यांचं म्हणणं असं, की देवाला हाक मारायची वेळ येऊ न देणं हीच खरी भक्ती. पुराणातली ती गोष्ट त्यांना मुळीच आवडत नसे, वनवासात अवेळी ऋषी जेवायला येतात, थाळी घासून ठेवलेली असते, मग देव धावत येतो, कडेला चिकटलेलं भाजीचं पान खातो आणि सगळ्यांची पोटं भरतात.

"त्या दिवशी पान राहिलं होतं म्हणून निभावलं," ते म्हणत. "रोज राहील का? आणि देवाने तरी का म्हणून जेवणं सोडून पळत यायचं? गावात बंब आहे म्हणून कोणी घरात पेटता काकडा ठेवून झोपतं का, ताई?"

अन्नपूर्णा त्यांच्या बायकोने माहेरून आणलेली. बायको आम्ही यायच्या आधीच गेल्या होत्या. "मी नवरा म्हणून केला आणि पदरात गोदाम पडलं," असं त्या म्हणायच्या, हे मला शेजारच्या हंसाबेनने सांगितलं. त्या गेल्यावर काकांनी अन्नपूर्णा देवघरातून काढून कोठीच्या खोलीत नेली. कोठारावरच्या बाईचं देवघरात काय काम, असा त्यांचा सवाल. रोज सकाळी तिथेच पूजा. दर दिवशी एका कोठीचं झाकण उघडायचं, हात कोपरापर्यंत आत घालायचा, धान्य वर-खाली करायचं, मूठभर उजेडात नेऊन बघायचं, हुंगायचं, मग ती मूठ देवीपुढे ठेवून नमस्कार. नैवेद्यही झाला आणि तपासणीही झाली. एकदा मुगात जाळी लागलेली सापडली तर त्यांनी त्या दिवशी नमस्कार केला नाही. "कोणत्या तोंडाने करू?" म्हणाले.

उन्हाळ्यात वर्षाचं भरायचं असे. पादरा गावाकडची तूर यायची, गहू यायचे. मग अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, चादरी पसरून आम्ही दोघं गव्हाला दिवेल चोळायला बसायचो. मला हे काम आवडायचं. चांगलं धान्य कसं ओळखावं हे मी तिथे शिकले आणि पुढे कोणी दुकानदार मला फसवू शकला नाही, हा त्या घराचा मला झालेला रोकडा फायदा.

त्यांचा मुलगा परदेशात असतो. तो फोनवर म्हणायचा, "बाबा, आता दहा मिनिटांत सगळं दारात येतं. कशाला हा पसारा?"

"आणून देणारा दहा मिनिटांत येतो," काका म्हणायचे. "पण त्याच्या स्वतःच्या घरी कोण दहा मिनिटांत काय पोचवतं?"

महिन्यातून एकदा, अमावास्येच्या आदल्या दिवशी, त्यांचा 'सराव' असे. दूध घ्यायचं नाही, भाजी नाही, दुकानाची पायरी नाही, पाण्याची मोटर बंद. घरात आहे त्यावर दिवस काढायचा. इथवर मला समजत होतं. पण त्या दिवशी ते देवापुढे दिवाही लावत नसत. "आज तो नाही असं धरून चालायचं," म्हणायचे. "एक दिवस त्याला सुट्टी." पहिल्यांदा हे कळल्यावर हंसाबेनने मला कुंपणाशी बोलावून हळूच विचारलं होतं, "काका नास्तिक थई गया के शुं?"

मी म्हटलं, नाही, जरा जास्तच आस्तिक आहेत.

मोटर बंद म्हणजे आमचीही मोटर बंद. मी दोनदा भांडले, तिसऱ्यांदा आदल्या दिवशी बादल्या भरून ठेवायला लागले. आजही ठेवते.

या सगळ्या कोठ्यांत एक लहान कोठी वेगळी होती. ती दाराजवळ असे. रोज स्वयंपाकाला तांदूळ-डाळ काढताना पहिली मूठ तिच्यात जायची. तिला ते 'येणाऱ्याची' म्हणत. येणारा कोण हे ठरलेलं नव्हतं. न बोलावता, भुकेला, दारात येईल तो. ती कोठी भरली की जुनं धान्य ते स्वतः खायचे आणि तिच्यात नवं भरायचे. मी म्हटलं, "काका, तांदूळ जुनाच चांगला." त्यांनी विचार केला आणि तांदळापुरता नियम उलटा केला.

"एखाद्या आश्रमात देऊन टाका ना," मी एकदा सुचवलं.

"आश्रमाला देतोच की. हे वेगळं. मी उचलून नेऊन दिलं तर तो येणारा कसा झाला?" मग म्हणाले, "आमच्या आईच्या दारात आठवड्याला कोणी ना कोणी यायचं. मी हे घर बांधल्यापासून एकही आला नाही. माझ्या हयातीत एकदा तरी ही कोठी तिच्या कामाला यावी, एवढीच इच्छा आहे."

त्यांनी प्रयत्न कमी केले नाहीत. कुरिअरवाला, मीटरवाला, पार्सल घेऊन येणारी पोरं, प्रत्येकाला जिन्याच्या वरच्या पायरीवरून पहिला प्रश्न, "खाना हुआ?" पोरं दचकायची. "हां हां, हो गया काका, बस ओटीपी बोल दो." गेटवरच्या वॉचमनशी त्यांचं कायमचं वाकडं होतं, कारण तो अनोळखी माणसाला आत सोडत नसे. "तू माझे सगळे येणारे परस्पर घालवतोस," काका त्याला म्हणायचे. वॉचमन म्हणायचा, "काका, मला पगार त्याचाच मिळतो."

आम्ही त्यांच्याकडे कितीदा जेवलो असू. पण आम्ही त्या मोजदादीत नव्हतो. भाडेकरू म्हणजे घरचे.

आणि मग पूर आला.

श्रावणाचे दिवस होते. पाऊस दोन दिवस धरून होता. तिसऱ्या दिवशी पहाटे पाऊस थांबला आणि पाणी चढायला लागलं. धरणातून सोडलं की बडोद्यात असंच होतं, आभाळ मोकळं आणि विश्वामित्री नदी दारात. आम्ही गाद्या, कागदपत्रं आणि मुलीची पुस्तकं वर नेली. पाणी आमच्या ओट्याच्या खाली एक वीत येऊन उभं राहिलं. वीज गेली. मगर दिसली, मगर दिसली, असं पलीकडच्या गल्लीतून कोणीतरी ओरडत होतं. मी पाहिलं ते लाकूड होतं, पण मी हुज्जत घातली नाही.

इतका आनंदी माणूस मी पुरात दुसरा पाहिला नाही. काका हेल्मेट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून जिन्यावर उभे होते. "साठा नेहमी वरच्या मजल्यावर! सांगत होतो की नाही!" मग ते गंभीर झाले, हात धुतले, कोठीच्या खोलीत गेले आणि येणाऱ्याच्या कोठीला हात जोडून त्यांनी तिचं झाकण काढलं. आज तिचा दिवस होता. सगळ्या सोसायटीच्या दारादारांशी पाणी, माणसं अगाश्यांवर, दूधवाला नाही, भाजीवाला नाही. त्यांनी मोठं पातेलं चढवलं. मुगाची डाळ, तांदूळ, वाळवलेला कांदा आणि वरून लसणाची सणसणीत फोडणी.

आमची आणि हंसाबेनची अगाशी एकमेकींना चिकटून, मध्ये कमरेएवढी भिंत. काकांनी पातेलं त्या भिंतीवर ठेवलं आणि शिट्टी वाजवली.

"हंसाबेन! खिचडी! गरमागरम! भांडी घेऊन या!"

हंसाबेनने कानावर हात ठेवले. "अरे काका, आजे तो सातम छे! आजे चूलो ना सळगावाय!"

मला एकदम आठवलं. मी जन्माने बडोद्याची, पण पाण्याच्या धावपळीत माझ्याही डोक्यातून गेलं होतं. शीतळा सातम. त्या दिवशी गुजराती घरांत चूल पेटत नाही. आदल्या दिवशी, रांधण छठला, सगळं रांधून ठेवायचं आणि सातमला गार खायचं.

"बेन, पूर आलाय पूर!" काका म्हणाले. "संकटात सगळं चालतं. शास्त्रात सोय आहे."

"पूर आव्यो तो शुं? अमारे तो बधुं काले ज बनी गयुं छे."

पूर आला म्हणून काय झालं, आमचं तर सगळं कालच करून झालंय. तिने परातीवरचं फडकं उचललं. थेपल्यांची चळत, तिखट पुऱ्या, वडे, सुखडी, दह्याचं पातेलं. पलीकडच्या अगाशीवरही तेच. त्याच्या पलीकडेही. लोक सतरंज्या टाकून बसले होते, पुराकडे बघत थेपले खात होते. त्या सकाळी आमच्या अख्ख्या सोसायटीत एकच शेगडी पेटलेली होती आणि ती काकांची होती.

"वर पाछुं लसण!" हंसाबेन म्हणाली. "श्रावणमां!"

काकांनी पातेल्यावर झाकण ठेवलं. "आणि उद्या?" त्यांनी विचारलं.

"काले तो आठम, जन्माष्टमी. उपवास."

मला हसू आवरेना. नवऱ्याने मला कोपराने ढोसलं. काकांचं तोंड मात्र खरोखर उतरलं होतं. इतकी वर्षं मूठ मूठ घातलेली कोठी उघडली, आणि घेणारं कोणी नाही.

"पण चूल का नाही पेटवायची?" त्यांनी विचारलं. गावात आयुष्य गेलं होतं, कारखान्यात सातमच्या दिवशी सहकाऱ्यांच्या डब्यातले गार थेपले खाल्ले होते, पण कारण कधी विचारलं नव्हतं.

हंसाबेनने तिच्या गुजराती-मराठी खिचडीत सांगितलं. त्या दिवशी शीतळा मा घरोघर येते. अंगाचा दाह घेऊन येते. चुलीत लोळते, गार राखेत तिला बरं वाटतं, मग घराला आशीर्वाद देऊन जाते. आणि एखाद्या घरी चूल गरम असली तर ती भाजते.

"घरोघर?" काका म्हणाले. "न बोलावता?"

"एने कोण बोलावे? ए तो आवे."

काकांनी हेल्मेट काढलं. पातेलं तसंच भिंतीवर टाकून ते झपाझप आत गेले. मला वाटलं रुसले, म्हणून मी मागोमाग गेले. शेगडीवर चहाचं आधण होतं. त्यांनी बटण बंद केलं, आधण मोरीत ओतलं आणि भिंतीवरचं सूप काढून ते शेगडीला वारा घालायला लागले.

"काका, अहो, गोष्ट आहे ती."

"ताई, मी सेफ्टीत होतो. अशक्य वाटतं तेच आधी धरून चालायचं, हे आमचं काम." वारा घालता घालता त्यांचा आवाज बारीक झाला. "दर वर्षी चहा केलाय हो मी. दर सातमला. इतकी वर्षं कोणी येत नाही, कोणी येत नाही म्हणून बसलो, आणि जी येते तिच्यासाठी चूल तापवून ठेवत होतो."

मी ओलं फडकं आणून दिलं. शेगडी गार झाली तशी त्यांनी ती धुऊन पुसली, तिला हळदकुंकू लावलं, आणि कोठीच्या खोलीतून अन्नपूर्णा आणून तिच्या शेजारी ठेवली.

"हिला कशाला?"

"ती आली तर ओळखीचं कोणीतरी असावं."

मग ते परत अगाशीवर आले. हंसाबेन आम्हांला भिंतीवरून थेपले देत होती, मी घेत होते. काकांनी कोणाच्या घरचं काही घेतल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. दिवाळीचा फराळसुद्धा ते "माझ्याकडे आहे" म्हणून परत करायचे. ते भिंतीशी उभे राहिले. मग धोतराचा सोगा खोचला, एक पाय पलीकडे टाकला, माझ्या नवऱ्याने दंड धरला, दुसरा पाय टाकला, आणि हंसाबेनच्या अगाशीत उभे राहून त्यांच्या मोडक्या गुजरातीत म्हणाले, "हूं आव्यो छूं, बेन. जमवा." मी आलोय, जेवायला.

हंसाबेनने सरकून सतरंजीवर जागा केली. "आवो आवो," ती म्हणाली, "पण पग लूछीने."

काका पाय पुसून सतरंजीवर बसले. तीन थेपले खाल्ले, कैरीचा छुंदा मागून घेतला. मग म्हणाले, "म्हणजे दर वर्षी अख्खं गाव एक दिवस चुलीशिवाय राहतं?"

"हा."

"आणि कोणी शिट्टी वाजवत नाही?"

"शेनी सिटी?" हंसाबेन म्हणाली.

खिचडी आम्ही दोन्ही वेळा खाल्ली. उरली ती जिन्यात आसऱ्याला आलेल्या कुत्र्याला घातली. कुत्र्याला येणारा धरायचं का, यावर काकांनी थोडा विचार केला आणि नाही म्हणाले. तो रोजचाच होता.

त्या पुरानंतर दोन गोष्टी बदलल्या. काकांचा वर्षातला एक सराव सातमला ठरला, आणि तो ते भिंतीपलीकडे करू लागले. आणि आम्ही मांजलपूरला फ्लॅट घेतला, तिसऱ्या मजल्यावर. नवऱ्याचं पाण्याशी आता जमणार नव्हतं. निघताना काकांनी आम्हांला एक रिकामी कोठी आणि दिवेलची बाटली दिली. "रिकामी देऊ नये," म्हणत परत आत गेले आणि तळाशी मूठभर गहू टाकून आणले.

त्यानंतर फोन व्हायचे, जाणं काही व्हायचं नाही. मांजलपूरहून समा म्हणजे सगळं शहर ओलांडायचं. एकदा, ऐन उन्हाळ्यात, कामासाठी त्या बाजूला गेले होते. डबा घरी विसरला होता, काम लांबलं, दुपार कलली. वाटलं, काकांना बघून जाऊ. गेटवर नवा वॉचमन. त्याने अडवलं, वर फोन लावला, "एक बेन आये हैं." काकांना ऐकू कमी येतं. ते म्हणाले, "आने दो, आने दो."

जिन्याच्या वरच्या पायरीवर ते भिंत धरून उभे होते. वाळले होते. मी कशी आहे, मुलगी काय करते, काही नाही. पहिला प्रश्न नेहमीचाच.

"जेवलात?"

आपल्याकडे या प्रश्नाला 'हो, आत्ताच' असं उत्तर द्यायची पद्धत आहे. पोटात आग पडली असली तरी. मीही त्यांना कितीदा दिलं असेल. पण त्या दिवशी ऊन फार होतं आणि मला खोटं बोलायचा कंटाळा आला होता.

"नाही," मी म्हटलं. "सकाळपासून काही नाही. फार भूक लागलीय."

अपघाताची चौकशी करावी तसं काकांनी विचारलं, "घरून निघताना?"

"काही नाही."

"वाटेत?"

"एक चहा."

"चहा धरायचा नाही," त्यांनी स्वतःशीच ठरवलं. "तुम्ही आता इथे राहत नाही."

"नाही."

"मी बोलावलं नव्हतं."

"नाही, काका."

"हं," ते म्हणाले आणि आत वळले. मी पंख्याखाली बसले. आतून झाकणाचा आवाज आला. मोठ्या कोठ्यांची झाकणं दणकून निघतात, हे लहान होतं.

मी मदतीला उठले तर त्यांनी हातानेच बसा म्हटलं. त्यांना वेळ लागला. मऊ भात, मुगाचं पिवळं वरण, वर तूप, मिठाची चिमूट. लसूण नव्हता. येणारा कोण असेल, काय खात असेल, सांगता येत नाही. भात जरा जास्तच शिजला होता. मी दोनदा मागून घेतला.

मी जेवत असताना ते समोर बसले नाहीत. कोठीच्या खोलीत उभे होते, माझ्याकडे पाठ करून. मोठ्या कोठीतून मूठ भरून लहान कोठीत घालत होते.

"काका, आज झालं ना तिचं काम?" मी म्हटलं. "आता कशाला परत भरताय?"

"वा! आता तर भरायलाच हवी," ते न वळता म्हणाले. "एक आला, म्हणजे वाट पडली."